विल्फ्रेड आणि पर्ल यांची रंगीत तालीम

पैज लागली ती शुक्रवारी संध्याकाळी, डेस नूननच्या मागच्या व्हरांड्यात, तिसऱ्या बिअरनंतर आणि पहिला सॉसेज करपायच्या आत. वेळ मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे कुराबिन गावात ज्याने त्याने ती आपापल्या सोयीने बदलली. कुणी म्हणालं सहाव्या बिअरनंतर, कुणी म्हणालं लाइल पास्को शुद्धीत नव्हता. खोटं आहे. लाइल पूर्ण शुद्धीत होता. तोच तर त्याचा प्रॉब्लेम होता.

साल त्र्याण्णव, जानेवारी महिना, म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा. उन्हाने गवताची पार चटई झालेली. लाइलने काटा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि जाहीर केलं, "मी शुगर ग्लायडर पाळणार आहे. दोन. एकटं ठेवलं तर झुरतात ते."

शुगर ग्लायडर म्हणजे मुठीत मावेल एवढं करडं जनावर. पाठीवर काळी रेघ, डोळे चेहऱ्याला न शोभतील एवढे मोठे, आणि हातापासून पायापर्यंत कातडीची झालर. झाडावरून उडी टाकली की झालर पसरते आणि स्वारी तरंगत पुढच्या झाडावर. लाइल मात्र आयुष्यात कधी स्टुलावरूनसुद्धा उडी मारलेला माणूस नव्हे.

डेसने चिमट्याने सॉसेज उलटवला. डेस लाइलचा शेजारी, मध्ये फक्त कुंपण, आणि त्याच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा. रेल्वेत सिग्नलमन होता, तीस वर्षं रात्रपाळी केलेली. रिटायर झाला तरी रात्री त्याचा डोळा लागायचा नाही.

"भेटणार किती वाजता?" त्याने विचारलं.

"कुणाला?"

"तुझ्या जनावरांना. ती रात्री नऊला उठतात. तू साडेआठला घोरायला लागतोस. मग काय, पत्रव्यवहार ठेवणार?"

सगळे हसले. लाइल गावाचा पोस्टमन. सत्तावीस वर्षं लाल मोटरसायकलवरून टपाल टाकत आला होता. पहाटे साडेचारला उठायचं, साडेआठला अंथरुणात. उन्हाळ्यात त्या वेळी बाहेर अजून उजेड असतो, शेजारची पोरं अंगणात क्रिकेट खेळत असतात, आणि लाइल पडदे ओढून झोपलेला असतो. हिवाळ्यात तर काय, शेगडीसमोर बसल्या बसल्याच. तेव्हा लोक खरोखरची पत्रं लिहायचे. नाताळातल्या कार्डांनी त्याच्या पिशव्या अशा फुगायच्या की मोटरसायकल सातव्या महिन्यातली वाटायची.

ग्लेनिस, म्हणजे लाइलची बायको, सॅलडमधली काकडी वेचत म्हणाली, "ही बातमी मला पण आत्ताच कळतेय, बरं का."

"तुला सांगणारच होतो."

"बारा बारा वर्षं जगतात ती. कुत्रा आणलास तेव्हा तूच फिरवणार होतास. कुणी फिरवला चौदा वर्षं?"

"त्याला तू आवडायचीस."

"त्याला बाहेर जायला आवडायचं, लाइल." तिने काकडी खाल्ली. "एक काम कर. आधी रंगीत तालीम कर. चौदा रात्री. पिंजरा, खाणं, जागरण, सगळं अगदी खऱ्यासारखं. फक्त जनावर नाही. जमलं तर परवान्याचा अर्ज मी स्वतः भरून देते."

आमच्या राज्यात ग्लायडर पाळायला परवाना लागतो, आणि त्याचा अर्ज सात पानी होता. ग्लेनिस भरून देते म्हणाली यावरून तिला किती खात्री होती ते समजा.

"चार रात्री काढल्या तरी मी टोपी खाईन," डेस म्हणाला.

"टोपी नको," लाइल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "एकचाकी गाडी."

आमच्याकडे एकचाकी गाडी हा थट्टेचा विषय नाही. हरलेल्याने जिंकणाऱ्याला त्या माती वाहायच्या गाडीत बसवायचं आणि भर शनिवारी सकाळी अकरा वाजता, पोस्टापासून बोलिंग क्लबापर्यंत, सगळ्या बाजाराच्या देखत ढकलत न्यायचं. ढकलणाऱ्याच्या अंगात मिंडारीच्या फुटबॉल टीमची पिवळी-काळी लोकरी जर्सी. मिंडारी म्हणजे शेजारचं गाव, त्यांचं नाव आम्ही जेवताना घेत नाही. अशा पैजेतून कुणी माघार घेतली तर त्याला न्हाव्याने केस कापायला नकार दिलेलं गावाने पाहिलं होतं.

"ठरलं," डेस म्हणाला. "पण नियम माझे. रात्री नऊला खाणं ठेवायचं. नऊ ते अकरा त्यांच्याशी खेळायचं. पहाटे पिंजरा साफ. दिवसभर त्यांना पिशवीत घालून गळ्यात अडकवायचं, अंगाच्या वासाची सवय व्हायला लागते त्यांना. आणि खेळायचं ते बाहेर, झाडाखाली."

"बाहेर डास असतात. मी स्वयंपाकघरात बसेन."

"बाहेर गार असतं."

"डेस, डास."

डेसने उगाच जास्त ओढून धरलं, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. शेवटी कुरकुरत त्याने स्वयंपाकघर मान्य केलं. पंच म्हणून ऑटवेबाईंना नेमलं. बाई एक्क्याऐंशीच्या. दोघांनाही त्यांनी शाळेत शिकवलं होतं आणि दोघांच्याही वकुबाबद्दल त्यांना कसलाही भ्रम नव्हता.

"जनावराच्या जागी काय आहे?" बाईंनी विचारलं.

लाइलने मोज्यांच्या दोन जोड्या आणल्या, बटाट्यासारख्या गुंडाळून. एक करडी, एक तपकिरी.

"नावं?"

"बाई, मोजे आहेत ते."

"बिननावाच्या जनावराची कुणी काळजी घेत नाही. हा विल्फ्रेड. ही पर्ल." आणि त्यांनी पर्समधून शाळेचं जुनं हजेरीपुस्तक काढलं. ते त्या पर्समध्ये का होतं हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

आता लाइलला हे खूळ सुचलं कुठून, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. ग्लेनिसलाही नाही.

लाइलचा बाप पर्स पास्को, रेल्वेच्या रुळांखालचे लाकडी स्लीपर तोडणारा. ओंडक्यासारखाच माणूस. जेवताना "मीठ" म्हणायचा, झोपताना "दिवा" म्हणायचा, संपलं दिवसाचं बोलणं. लाइल नऊ वर्षांचा असताना एका संध्याकाळी बाप घरी आला आणि कोटाच्या खिशात काहीतरी हललं. पाडलेल्या झाडाच्या ढोलीत सापडलेलं ग्लायडरचं पिल्लू. तो अख्खा हिवाळा ते चुलीवरच्या फळीवर, किटली गरम ठेवायच्या लोकरी टोपीत राहिलं. आणि रोज रात्री बाप त्याला मध चाटवताना त्याच्याशी बोलायचा. हळू, मऊ आवाजात, लांबलचक. दिवसभर काय झालं, कुठलं झाड पाडलं, मुकादम काय म्हणाला. तो आवाज बापाच्या गळ्यात आहे हे लाइलला तोवर माहीतच नव्हतं. तो टेबलाखाली बसून ऐकायचा, आणि आपण टेबलाखाली आहोत हे बापाला माहीत नाही असं त्याला वाटायचं.

वसंत ऋतू आला तसं बापाने पिल्लू मागच्या अंगणात नेलं, यलो बॉक्स नावाच्या निलगिरीच्या म्हाताऱ्या झाडाच्या खोडावर ठेवलं आणि म्हणाला, "जा बाबा." ते गेलं. लाइल आठवडाभर बापाशी बोलला नाही. बापाच्या ते लक्षात आलं की नाही, हेही कधी कळलं नाही, कारण त्या घरात न बोलणं ओळखू कसं यायचं. बाप जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. घर तेच, झाड तेच, किटलीची टोपीसुद्धा कपाटात तीच.

तर पुढच्या शुक्रवारी अशी तालीम सुरू झाली.

पहिल्या रात्री लाइलने नऊ वाजता मध, उकडलेलं अंडं आणि बाळांची पेज यांचं मिश्रण घोटलं, वर अळ्या भुरभुरवल्या आणि वाटी मागच्या पिंजऱ्यात ठेवली. पिंजरा त्याने स्वतः ठोकला होता, माणूस उभा राहील एवढा, व्हरांड्याला लागून. दाराची कडी तेवढी बसत नव्हती, ती "उद्या" बसवायची होती. मग तो स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून बसला आणि दोन तास मोज्यांशी खेळला. मोज्यांशी दोन तास काय खेळायचं हे ज्याला सुचत असेल त्याने पुढे यावं. लाइलने विल्फ्रेडला खांद्यावर बसवलं. पर्लला दुसऱ्या खांद्यावर. मग अदलाबदल केली. दहा वाजून गेल्यावर त्याला त्यांच्या स्वभावातला फरक जाणवू लागला.

चौथ्या दिवसापासून परिणाम गावाला भोगावे लागले. लाइलने अख्ख्या वॉटल स्ट्रीटचं टपाल फर्न स्ट्रीटला टाकलं. पाद्रीबुवांना मेंढ्यांच्या लिलावाची पुस्तिका गेली, आणि पुढच्या रविवारी त्यांचं प्रवचन मेंढ्यांबद्दल इतकं बारकाव्याने झालं की दोन शेतकऱ्यांनी त्यांचा सल्ला मागितला. लोक तक्रार करत नव्हते, एकमेकांच्या दारी जाऊन पत्रं बदलून आणत होते. वर्षानुवर्षं न बोललेले दोन भाऊ त्या भानगडीत कुंपणापाशी चहा पिताना दिसले.

गळ्यातल्या पिशवीचा मात्र त्रास होता. ग्लेनिसने ती लाइलच्या जुन्या पायजम्याच्या फ्लॅनेलची शिवली होती आणि पायजमा कुणाचा हे कापडावरून गावाने ओळखलं, कारण तो वीस वर्षं वाळत घातलेला सगळ्यांनी पाहिला होता. प्रत्येक फाटकाशी सल्ला तयार असायचा.

"ऊन लागतंय रे त्यांना."

"मोजे आहेत, मार्ज."

"मग काय झालं?"

खाटकाने अळ्या चांगल्या कुठे मिळतात ते सांगितलं. केमिस्टाने सांगितलं की नर घाण वास मारतो. मग पिशवी हुंगली आणि म्हणाला, "हा बघ." लाइलच्या जिव्हारी लागलं. मोजे धुतलेले होते.

चौथ्या सकाळी वाटी चाटूनपुसून साफ.

लाइल तडक नूननच्या दारात. "तू खाल्लंस."

"काय?"

"अळ्यांसकट. पैज जिंकायला कुठल्या थराला जाशील, डेस?"

डेसने डोळे चोळले. "लाइल, लेका, वाटी कुठे ठेवलेली?"

"पिंजऱ्यात."

"पिंजऱ्याचं दार?"

"विषय बदलू नकोस."

डेसने कपाळावर हात मारून घेतला आणि आत गेला. ऑटवेबाईंनी मात्र हजेरीपुस्तकात शांतपणे लिहिलं: विल्फ्रेड, पर्ल, दोघांनी नीट खाल्लं. पुढेही रोज वाटी साफ. रोज तीच नोंद. कधीमधी शेरा: पर्ल रुसली आहे.

सहाव्या रात्री नवीनच. दहाच्या सुमाराला खिडकीबाहेरून आवाज: "यॅप. यॅप. यॅप." पडसं झालेल्या छोट्या कुत्र्यासारखा. ग्लायडर असेच भुंकतात हे लाइलला पुस्तकातून ठाऊक होतं. आणि हा आवाज सिगरेट ओढणाऱ्या रिटायर्ड सिग्नलमनचा आहे, हेही त्याने ओळखलं.

"डेस, घरी जा," तो जागचा न हलता ओरडला.

"बाहेर येऊन हाकल की," झुडूप म्हणालं.

"येणार नाही. मी खेळतोय."

झुडूप अर्धा तास भुंकलं. गल्लीतली सगळी कुत्री त्याला सामील झाली. लाइल उठला नाही, वळला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही, तिसऱ्याही नाही. चिडवून उठवायचं आणि डुलकी लागताना पकडायचं, हा डेसचा डाव त्याला बरोबर कळला होता. म्हणजे कळलाय असं त्याला वाटत होतं. ग्लेनिस कानात कापूस घालून झोपायला लागली आणि बाराव्या दिवशी म्हणाली, "अर्ज आणून ठेवलाय. तू खरंच करशील असं वाटायला लागलंय मला." तिचा आवाज थोडा घाबरलेला होता.

त्याच दिवशी, मंगळवारी दुपारी, दारात सरकारी गाडी थांबली.

उतरली ती ब्रॉनविन हार्कर. वन्यजीव खात्याची अधिकारी, हातात जाड हातमोजे, काखेत पिंजरा, चेहरा इस्त्री केलेला. "मिस्टर पास्को? आपल्याकडे विनापरवाना दोन शुगर ग्लायडर असल्याची तक्रार आहे. नावं विल्फ्रेड आणि पर्ल."

लाइलने तिला हसून सगळं सांगितलं. तिला हसू आलं नाही. तिने व्हरांड्यातला पिंजरा पाहिला, आत खोवलेल्या ताज्या फांद्या पाहिल्या. फ्रिजमधलं मिश्रण पाहिलं, आइस्क्रीमच्या डब्यातल्या अळ्या पाहिल्या. मग हजेरीपुस्तक उघडून मोठ्याने वाचलं, "विल्फ्रेड, भूक चांगली. पर्ल, आज खेळकर. पर्ल, रुसली आहे."

"ते मोजे आहेत," लाइल म्हणाला आणि पिशवी उघडून दाखवली.

ब्रॉनविनने मोजे तपासले, खाली ठेवले. "छान. जनावरं कुठे लपवलीत?"

"तक्रार कुणी केली तेवढं सांगा."

तेवढ्यात कुंपणापलीकडून ऑटवेबाई म्हणाल्या, "तक्रार कसली, मी चौकशी केली. दोन जनावरांना दिवसाला अळ्या किती, एवढंच विचारलं फोन करून. पंचाला माहिती नको?"

"आमच्याकडे चौकशीचा फॉर्म नसतो बाई," ब्रॉनविन म्हणाली. "तक्रारीचाच असतो." मग ती जरा नरमली आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली. "मिस्टर पास्को, मी तुमच्यावर विश्वास ठेवते असं समजा. पण फाइल बंद करायला चौकटी तीनच आहेत. जप्त केले, मेले, पळाले."

"मुळात नव्हतेच अशी नाही?"

"नाही. मेले लिहायचं तर देह लागतील. पळाले लिहायचं तर आधी होते हे तुम्हाला कबूल करावं लागेल, तो गुन्हा."

"मग जप्त करा."

"मोजे मेलबर्नला न्यावे लागतील. पशुवैद्य तपासतील."

लाइलने नकळत पिशवी छातीशी धरली. ब्रॉनविनच्या नजरेतून ते सुटलं नाही, आणि त्याची बाजू तिथेच लंगडी पडली. पोस्टमन म्हणून सत्तावीस वर्षांत त्याच्याकडे कुणी संशयाने पाहिलं नव्हतं. आता सरकारी बाई त्याच्या स्वयंपाकघरात बसून त्याच्या पायजम्याच्या कापडाची नोंद करत होती.

"निशाचर प्राण्याची तपासणी रात्रीच व्हायला हवी," ती उठत म्हणाली. "गुरुवारी सूर्यास्तानंतर येते. मागच्या अंगणात बसू. ज्याच्यावर तक्रार आहे त्याने समोर हजर राहायचं."

"मी नऊ ते अकरा स्वयंपाकघरात असतो. पैज आहे."

"या गुरुवारी नाही."

गुरुवार म्हणजे चौदावी रात्र. शेवटची.

सूर्य पावणेनऊला बुडाला. मागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. ब्रॉनविन लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन बसली. ऑटवेबाई हजेरीपुस्तक मांडीवर घेऊन. ग्लेनिसने चहा आणला. डेस आपली खुर्ची घेऊन आला, कुणी न बोलावता, आणि बसला. लाइलने नऊला वाटी ठेवली, पिशवी गवतावर ठेवली, मोजे काढून मांडीवर घेतले आणि यलो बॉक्सच्या झाडाकडे तोंड करून बसला, कारण उरलेली खुर्ची तशीच ठेवलेली होती. कुणी ठेवली होती ते तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही.

सव्वानऊला, वर, ढोलीच्या काठाशी काहीतरी हललं.

आधी एक नाक. मग ते डोळे. मग एकामागून एक, मोजून पाच. खोडावर सरसर चढले, थांबले, मान वाकडी करून खाली जमलेल्या मंडळींकडे पाहिलं. पहिल्याने उडी टाकली. झालर पसरली. ऑटवेबाईंच्या टोपीवरून, अगदी हातभर वरून, तो आवाज न करता तरंगत गेला आणि व्हरांड्याच्या खांबावर टेकला. दार न लागणाऱ्या पिंजऱ्यात शिरला. वाटीत तोंड घातलं. बाकीचे मागोमाग. लाल उजेडात पाच शेपट्या रांगेत हलत होत्या.

"यॅप," झाडावरून उशिरा उठलेला सहावा म्हणाला.

डेसपेक्षा आवाज बराच नाजूक होता.

ब्रॉनविनने हळूच विचारलं, "हे तुमचे?"

लाइलने वाटीपाशी हलणाऱ्या शेपट्या पुन्हा एकदा मोजल्या. तेरा रात्री तो यांच्याकडे पाठ करून मोज्यांशी खेळला होता. तेरा कसल्या, त्या घरात राहिलेली सगळी वर्षं. बापाने "जा बाबा" म्हटलं होतं, आणि ते कुठे गेलं होतं? वीस पावलं.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "हे इथलेच आहेत."

ब्रॉनविनने फॉर्म काढला. तिन्ही चौकटींवर रेघ मारली आणि समासात लिहिलं: जनावरे स्वतःच्या घरी आढळली. मग म्हणाली, "उद्यापासून वाटी बंद करा. या झाडाला डिंक आहे, मोहोर आहे, त्यांचं त्यांना पुरतं." निघताना थांबून विचारलं, "परवान्याचा अर्ज देऊन ठेवू?"

"घरात एक आहे," लाइल म्हणाला. "तोही परत न्या."

ग्लेनिसने एवढा लांब श्वास सोडला की वाटीवरचे ग्लायडर दचकले.

सगळे गेले. लाइल बसून राहिला. दहा वाजले, बारा वाजले. डास चावत होते, चावू दिले. ग्लायडर झाडाझाडातून जाऊन यायचे, आणि दर वेळी त्याला वाटायचं आता उठू, आणि दर वेळी आणखी एक उडी. साडेचारला तो तसाच उठला, तोंडावर पाणी मारलं आणि टपालाला गेला. त्या दिवशी एकही पत्र चुकलं नाही.

सकाळी सहाला ऑटवेबाई अंतिम पाहणीला आल्या. विल्फ्रेड आणि पर्ल खुर्चीखाली गवतात पडले होते. पिशवीबाहेर. रात्रभर. दवाने ओले.

"कर्तव्यात कसूर," बाईंनी लिहिलं. "चौदावी रात्र."

लाइल टपाल टाकून परतला तेव्हा त्याची वकिली करायला आला डेसच. "बाई, सरकारी तपासणी होती. सूट द्या."

"विल्फ्रेडला कोण समजावणार, तू?"

"जाऊ दे डेस," लाइल म्हणाला. "हरलो. जर्सी धुतलेली आहे ना तेवढं बघ."

शनिवारी अकरा वाजता पोस्टासमोर अख्खं गाव जमलं होतं. अडतीस डिग्री ऊन. लाइलच्या अंगात मिंडारीची लोकरी जर्सी, गाडीत उशी टाकून डेस, डेसच्या गळ्यात पायजम्याची पिशवी. त्याला ती हवीच होती. ऑटवेबाई छत्री उघडून बाजूने चालत होत्या. न्हावी दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता. पाद्रीबुवा म्हणाले, "पाठ सरळ ठेव लाइल, मेंढ्याला सुद्धा तेच सांगतात."

गाडी बेकरीपर्यंत गेली तेव्हा डेस पुढे बघतच म्हणाला, "च्यायला, तेरा रात्री. भुंकून भुंकून घसा बसला माझा. एकदा वळून बघायचंस."

लाइल चालत राहिला. मग त्याचे पाय मंदावले. "तुला माहीत होतं."

"मी झोपतो कधी? कुंपणाशी बसून रोज बघतो. तुला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा 'हो हो' म्हणालास आणि बसल्या जागी पेंगलास. म्हटलं, पैज लावल्याशिवाय हा जागा राहायचा नाही. तर स्वयंपाकघरात जाऊन बसला. डास म्हणे."

"मूर्ख म्हण मला."

"म्हणतोय की." डेसने पिशवीतला एक मोजा काढून पुन्हा आत सारला. "आधी एकटा नव्हतो मी. तुझा बाप असायचा. शेवटची सहा-सात वर्षं, उन्हाळ्यात, मला पाळी नसेल त्या प्रत्येक रात्री. तो कुंपणाच्या तुमच्या बाजूला, मी माझ्या."

गाडी थांबली. हाय स्ट्रीटच्या बरोबर मध्ये, हार्डवेअरच्या दुकानासमोर. मागून कुणीतरी ओरडलं, "दमला रे पोस्टमन." शिट्ट्या झाल्या.

"बाबा?" लाइल म्हणाला. "काय करायचे?"

"बघायचे. आणि बोलायचे. बाप रे, काय बोलायचा तो माणूस. मला एक शब्द टाकू द्यायचा नाही. पहिला ग्लायडर बाहेर आला की दर वेळी म्हणायचा, 'लाइलला उठवू का?' मी म्हणायचो, उठव. तो उठायचा, तुझ्या खिडकीपर्यंत जायचा, उभा राहायचा. मग परत यायचा. म्हणायचा, 'राहू दे, पहाटे टपाल आहे त्याचं.'"

घाम लाइलच्या डोळ्यांत गेला होता. मिंडारीची लोकर चांगली जाड असते, बाहीने डोळे पुसायला बरी पडली. त्याने दांडे पुन्हा उचलले.

बोलिंग क्लबच्या फाटकाशी ऑटवेबाईंनी छत्री मिटली आणि जाहीर केलं, "पैज फिटली." गावाने टाळ्या वाजवल्या. डेस उतरायला म्हणून एक पाय बाहेर काढत होता.

"पाय आत घे," लाइल म्हणाला, आणि गाडी न थांबवता क्लबाच्या पुढे, नदीच्या रस्त्याला वळवली. "आणखी काय म्हणायचे, ते सांग."